खोडदची दुर्बीण आणि आभासी संगणकांतील कालविचलन

शिवनेरीवरील शिवजन्माची तिथी जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंदलेली आहे. ज्युलियन पंचांगाप्रमाणे ती 19 फेब्रुवारी 1630, तर ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे 1 मार्च 1630 ठरते. हे दहा दिवसांचे अंतर कोणा लेखनिकाच्या चुकीने पडलेले नाही. पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते, इंग्रजांनी ते 1752 पर्यंत स्वीकारले नव्हते. म्हणून सतराव्या शतकातील या दोघांच्या कागदांत ते सर्वत्र सारखेच राहते. उलट काही बखरींत येणारे शके 1549 हे वर्ष अशा कोणत्याही रूपांतराने जुळत नाही. तेथे त्या साधनाचीच परीक्षा करावी लागते. फरक सर्वत्र सारखा असेल तर त्याचे कारण मापनपद्धतीत शोधावे, एकाच ठिकाणी असेल तर त्या साधनात शोधावे, हा कालनिर्णयाचा नियम अभ्यासकांस परिचित आहे. यंत्रांच्या घड्याळांनाही तो कसा लागू पडतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावानजीक खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली व 2001 मध्ये ती राष्ट्रास अर्पण करण्यात आली. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 मध्यभागी व उरलेल्या 16 तीन भुजांवर असून त्यांचा विस्तार सुमारे 25 किलोमीटर आहे. एका मायक्रोसेकंदात प्रकाश सुमारे 300 मीटर जातो. तेव्हा अशा व्यवस्थेत काळाचा अल्पसा प्रमादही उपेक्षणीय नसतो.

येथून पल्सार ताऱ्यांच्या स्पंदांच्या आगमनवेळा नोंदल्या जातात. वेधशाळेचे घड्याळ जीपीएसच्या कालाशी व तो काल पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाणकालाशी ताडून पाहतात. एकाच पल्सारचे स्पंद अपेक्षित वेळेहून ढळले, तर कारण त्या ताऱ्यात वा त्याच्या मार्गातील माध्यमात असू शकते. सर्वांचे स्पंद एकाच वेळी सारखेच ढळले, तर संशय प्रथम घड्याळावर जातो. गुरुत्वीय लहरींचा परिणाम मात्र पल्सारांच्या परस्पर कोनानुसार बदलतो. जून 2023 मध्ये भारतीय व युरोपीय संशोधकांनी अशा लहरींचा जो पुरावा मांडला, त्यातील खोडदच्या नोंदी याच विवेकावर उभ्या होत्या.

आता आभासी संगणकाकडे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनकडे वळू. एका प्रत्यक्ष संगणकावर अनेक संगणक असल्याचा आभास निर्माण करण्याची कल्पना आयबीएमच्या संशोधकांनी 1960 नंतरच्या दशकात साकार केली. असा संगणक वेळेचे ठोके मोजत असता यजमान संगणकाने प्रक्रियक दुसऱ्याकडे दिला, तर मधले ठोके हुकतात व घड्याळ मागे पडते. त्यास काही काळ स्थगित करून पुन्हा चालू केले, तर तो स्थगितीच्या क्षणापासूनच पुढे मोजू लागतो. आधुनिक कार्यप्रणाली ठोक्यांऐवजी गणकयंत्रणा थेट वाचतात, त्यामुळे पहिला दोष बराच कमी झाला. दुसरा अद्याप संभवतो.

निदानाची रीत मात्र तीच. एकच आभासी संगणक मागे पडत असेल तर कारण त्याच्या रचनेत शोधावे. एका यजमानावरील सर्वच मागे पडत असतील तर यजमानाचे घड्याळ तपासावे. फरक संथ गतीने वाढत असेल तर दोष घड्याळाच्या गतीत, एकदम उडी घेत असेल तर तो स्थगितीत असण्याचा संभव अधिक. दुरुस्तीचा अधिकार एकाच यंत्रणेकडे असावा. यजमान व एनटीपी हे दोघेही घड्याळ ओढू लागले तर ते स्थिर होत नाही. डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडलेल्या एनटीपीच्या प्रचलित रीतीनुसार 128 मिलिसेकंदांपर्यंतचा फरक हळूहळू भरून काढतात, त्याहून मोठा सहसा एका झटक्यात. हळूहळू भरण्याची कमाल गती दशलक्षास 500 असल्याने एक सेकंद भरण्यास 2000 सेकंद लागतात. हा विलंब सोसण्यासारखा असतो, कारण घड्याळ झटक्याने मागे नेले तर नंतरची नोंद आधीची दिसू लागते.

येथे इतिहासाभ्यासकाचा प्रत्यक्ष संबंध येतो. आजचे दफ्तर संगणकावर लिहिले जात आहे. उद्याचा संशोधक दस्तांचा पूर्वापर क्रम त्यांवरील कालमुद्रेवरूनच ठरवील. पल्सारचे अभ्यासक मूळ आगमनवेळ बदलत नाहीत. घड्याळातील फरक स्वतंत्र नोंदवून गणितात घेतात. संगणकाचे घड्याळ मात्र बहुधा मुकाट्याने सरळ केले जाते आणि ते किती व केव्हा ढळले होते याचा मागमूस उरत नाही. शकावलीतील तिथी आपण खोडून लिहिली नाही, तिच्याशेजारी रूपांतर लिहिले. म्हणूनच तिची फेरतपासणी आजही करता येते. संगणकीय दफ्तर सांभाळणाऱ्यांनीही कालमुद्रेबरोबर घड्याळाच्या विचलनाची नोंद जपून ठेवावी, अशी अपेक्षा त्या दफ्तराच्या भावी वाचकांच्या वतीने करणे अप्रस्तुत होणार नाही.