कल्पित जगांचे कोश आणि त्यांची मांडणी

कोशांचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपल्यापुढें प्रथम अमरसिंहाचें नांव येतें, आणि आपल्या काळाच्या जवळ यावयाचें तर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचें. अमरसिंहानें शब्द विषयवार वर्गांत बसविले. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या शरीरखंडांत विषय वर्णानुक्रमानें लागले. दोघांच्याहि पुढें प्रश्न एकच होता. जमविलेलें ज्ञान कोणत्या रीतीनें ठेवावें, म्हणजे शोधणाऱ्याला तें जागच्या जागीं सांपडेल? आज मी ज्या कोशांविषयीं बोलणार आहें, त्यांना एक मुख्य संपादक नाहीं, पगारी लेखकवर्ग नाहीं, आणि ज्या वस्तूंची त्यांत नोंद होते त्या वस्तु जगांत कोठेंहि नाहींत. चित्रपट, कादंबऱ्या व खेळ यांतील कल्पित माणसें, ग्रह, राज्यें आणि प्राणी यांचे हे कोश आहेत. त्या त्या कथेचे चाहते इंटरनेटवर एकत्र मिळून ते लिहितात. अशा सामुदायिक कोशाला विकि म्हणतात. कल्पितासाठीं एवढे श्रम कशाला, असें कोणी विचारील. परंतु या कोशांचीं पानें लावतांना जो न्यायनिवाडा करावा लागला, तो खऱ्या इतिहासाच्या अभ्यासकालाहि विचार करावयास लावील असा आहे. म्हणून ती हकीगत सांगतों.

विकीचा जन्म अमेरिकेंत झाला. वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञानें २५ मार्च १९९५ रोजीं पहिला विकि सर्वांस खुला केला. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकि’ म्हणजे जलद. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकि विकि’ नांवाची बसगाडी होती, तिच्यावरून त्यानें हें नांव उचललें. त्याची युक्ति साधी होती. जो पान वाचील त्यालाच तें बदलतां यावें. आणि दोन शब्द एका विशिष्ट रीतीनें जोडून लिहिले कीं त्या नांवाच्या दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा आपोआप तयार व्हावा. तें पान अस्तित्वांत नसेल तर वाचणाऱ्यानेंच तें लिहावें. पानें भराभर वाढलीं. पण त्यांना फडताळ नव्हतें. तेव्हां वापरणाऱ्यांनीं एक तोडगा काढिला. पानाच्या तळाशीं त्याच्या विषयाच्या वर्गाचें नांव लिहावयाचें. तें नांव ज्या ज्या पानावर असेल त्या सर्वांची यादी संगणक क्षणांत काढून देई.

हा तोडगा दिसावयास क्षुल्लक, पण त्याचें मर्म मोठें आहे. शाळेच्या पुस्तकालयाची यादी करण्याचें काम माझ्याकडे बरींच वर्षें होतें. शिवकालीन पोवाड्यांचें पुस्तक इतिहासाच्या कपाटांत ठेवावें कीं काव्याच्या, हा वाद दर वर्षीं निघे. कारण पुस्तक एक आणि कपाटें दोन. विकीच्या पानाला ही अडचण नाहीं. त्याला एका वेळीं पांच वर्गांत बसतां येतें. विकिपीडियाच्या प्रणालींत वर्गांची स्वतंत्र सोय २००४ सालीं झाली, आणि एका वर्गाच्या पोटांत दुसरा वर्ग घालून वृक्षासारखी मांडणी करतां येऊं लागली. मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. त्यांतहि या सोयीचें नांव ‘वर्ग’ असेंच आहे. अमरसिंहाचा शब्द असा पुन्हां कामास आला, ही आपणांस आनंदाची गोष्ट वाटावी.

आतां चाहत्यांकडे वळूं. विकिपीडिया हा सर्व विषयांचा विकि १५ जानेवारी २००१ रोजीं निघाला. त्यांत रसायन आणि राज्यशास्त्र यांच्या शेजारीं चित्रपटांतील दुय्यम पात्रांचीं व पोकेमॉन या जपानी खेळांतील एकेका प्राण्याचीं पानें दिसूं लागलीं. पोकेमॉनला पान मिळतें, तर आमच्या विषयाला कां नको, असा युक्तिवादच तेथें रूढ झाला. पुढें अशीं शेंकडों पानें गुंडाळून याद्यांत समाविष्ट करण्यांत आलीं. ज्यांना हा संक्षेप मानवला नाहीं त्यांनीं वेगळीं घरें बांधलीं. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी-मालिकेचा ‘मेमरी आल्फा’ हा विकि २००३ सालाच्या अखेरीस निघाला. त्याचें नांव त्याच मालिकेंतील एका ग्रंथालय-ग्रहावरून घेतलेलें आहे. २००४ सालीं जिमी वेल्स आणि अँजेला बीझली यांनीं अशा कोशांना जागा देणारी ‘विकिसिटीज’ ही संस्था काढली. पुढें ‘विकिया’ व नंतर ‘फँडम’ अशीं तिचीं नांवें झालीं. मार्च २००५ मध्यें ‘स्टार वॉर्स’चा ‘वुकीपीडिया’ उभा राहिला.

घर स्वतंत्र झालें म्हणजे व्यवस्थाहि आपली आपणच लावावी लागते. पहिला प्रश्न नांवाचा. ‘बल्बापीडिया’ या पोकेमॉनच्या विकीचें उदाहरण घ्या. ‘पिकाचू’ ही प्राण्यांची एक जात. पण कथेच्या नायकाजवळ असलेला एक विशिष्ट प्राणीहि पिकाचूच. तेव्हां जातीच्या पानाच्या नांवापुढें कंसांत ‘पोकेमॉन’ असें लिहावें, डावपेंचाच्या पानापुढें ‘डावपेंच’ या अर्थाचा शब्द लिहावा, आणि नायकाच्या पिकाचूला त्याच्या मालकाच्या नांवानें ओळखावें, असा संकेत ठरला. दुसरा प्रश्न दृष्टीचा. मेमरी आल्फा आणि वुकीपीडिया यांनीं कथेंतील गोष्टी भूतकाळांत लिहिण्याचा नियम केला, जणूं पुष्कळ काळानंतर बसून कोणी बखर लिहीत आहे. नट, दिग्दर्शक, छपाई यांची माहिती त्याच पानावर निराळ्या प्रकरणांत. तिसरा प्रश्न प्रमाणाचा, आणि खरी कसोटी तेथेंच आहे. मेमरी आल्फानें पडद्यावर दिसलेलें तेंच प्रमाण मानलें. परवान्यानें निघालेल्या कादंबऱ्यांतील कथानकासाठीं ‘मेमरी बीटा’ हा दुसराच विकि आहे. वुकीपीडियानें मात्र चित्रपट, कादंबऱ्या, चित्रकथा व खेळ यांना एकाच छपराखालीं घेतलें. कारण हें सर्व मिळून एकच इतिहास आहे अशी त्या कथेच्या वाचकांची समजूत होती.

ही समजूत २५ एप्रिल २०१४ रोजीं मोडली. स्टार वॉर्सची मालक असलेली लूकसफिल्म ही कंपनी २०१२ सालीं डिस्नेनें विकत घेतली होती, आणि नवे चित्रपट निघावयाचे होते. जुन्या कादंबऱ्यांचें बंधन त्यांवर नको होतें. म्हणून कंपनीनें जाहीर केलें कीं, सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ एवढेंच प्रमाण. आजपर्यंतचें इतर कथानक ‘लेजंड्स’, म्हणजे आख्यायिका, या नांवाखालीं राहील. पहिला चित्रपट १९७७ चा. तेव्हांपासून छापलेल्या कथांचा इतिहास एका दिवसांत प्रमाणाबाहेर गेला.

याचा अर्थ एका पात्रावरून समजेल. च्यूबाका हा त्या कथेंतील केसाळ, एकनिष्ठ सोबती. १९९९ सालच्या ‘व्हेक्टर प्राइम’ या कादंबरींत त्याला मरण आलें. एका ग्रहावर त्याचा चंद्र कोसळत असतां मित्राच्या मुलाला वांचवून तो तेथेंच राहिला. आणि २०१५ सालच्या नव्या चित्रपटांत तोच च्यूबाका जिवंत आहे. आतां कोशांतील त्याच्या पानावर काय लिहावें? मेला, कीं आहे?

मार्ग तीन होते. जुनें पान पुसून टाकावें, हा पहिला. मालकाचा शब्द मानला तर हाच सरळ. परंतु ज्यांनीं त्या कादंबऱ्या पैसे देऊन घेतल्या, वाचल्या आणि च्यूबाकाच्या मरणानें कष्टी झाले, त्यांचें वाचन कोणाच्या हुकुमानें खोटें होणार? दोन्ही हकीगती एका पानावर मिसळाव्या, हा दुसरा. पण मग एकच जीव दोनदां जगल्यासारखा होऊन पान वाचणाराचा गोंधळ उडता. वुकीपीडियाच्या सभासदांनीं आपसांत चर्चा करून तिसरा मार्ग घेतला. पात्राचीं दोन पानें करावीं, एक प्रमाणाचें व एक आख्यायिकांचें. दोहोंच्या माथ्यावर अशी खूण ठेवावी कीं वाचकाला एकावरून दुसऱ्यावर तत्काळ जातां यावें. वर्गहि दुहेरी झाले, आणि जुन्या पानावरील दुवा जुन्याच पानाकडे जावा म्हणून असंख्य दुवे हातांनीं तपासावे लागले. हें काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, आणि त्याचें वेतनहि कोणी घेतलें नाहीं.

तरी एक बारीक वाद उरलाच: बिनजोड, साधें नांव कोणाच्या पानाला द्यावें? प्रारंभीं तें जुन्या पानांकडे राहिलें आणि नव्या पानांच्या नांवाला ‘प्रमाण’ या अर्थाची पुरवणी लागे. पुढें हा क्रम उलटला. साधें नांव नव्या पानाला मिळालें व जुन्याच्या नांवापुढें ‘लेजंड्स’ आलें. नवे चित्रपट पाहून येणारा वाचक साधेंच नांव शोधणार, हें त्याचें समर्थन समजण्यासारखें आहे. पण गादी हलली हेंहि खरें. वर्गांची आणि नांवांची ही व्यवस्था कारकुनी वाटते. प्रत्यक्षांत पहिला मान कोणाचा आणि दुसरा कोणाचा, याचा निकाल तींतच लागत असतो. या निकालांत समाधानाची गोष्ट एवढीच कीं तो झांकला जात नाहीं. विकीच्या प्रत्येक पानामागें त्याच्या सर्व बदलांची तारीखवार नोंद राहते, आणि शेजारच्या चर्चेच्या पानावर वादी-प्रतिवादींचें म्हणणें वाचावयास मिळतें. आपल्या किती बखरींना अशी सोय आहे?

जुनीं पानें राखण्याचा निर्णय किती दूरदर्शी होता, हें लौकरच दिसलें. टिमोथी झान यांच्या १९९१ सालच्या कादंबरींत थ्रॉन नांवाचा एक धूर्त सेनापति आला होता. २०१४ च्या घोषणेनें तोहि आख्यायिकांत गेला. २०१६ सालीं कंपनीनें आपल्या नव्या चित्रमालिकेंत त्यालाच परत बोलाविलें, आणि पुढच्या वर्षीं त्याच्यावर नवी कादंबरी लिहावयास झान यांनाच सांगितलें. जुनें पान पुसलें असतें तर हा पाहुणा कोठून आला हें नव्या वाचकाला कळलें नसतें. तें जागेवर होतें. त्याच्या शेजारीं नवें पान बसलें, आणि वाचणाराला दोन्ही थ्रॉन ताडून पाहतां आले.