बिने-कामत कसोटी: धारवाड ते दुर्ग

मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बुद्धिमापनाची कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला तयार केली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९३४ साली त्यांचा निबंध ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’त आला, १९४० मध्ये ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हा ग्रंथ निघाला.

मूळ कसोटी पॅरिसची. शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळे शिक्षण हवे, हे ठरवण्यासाठी बिने आणि सिमाँ यांनी ती १९०५ मध्ये रचली; १९१६ मध्ये टर्मन यांनी स्टॅनफर्डला ती अमेरिकी मुलांसाठी बेतली. कामतांनी ही स्टॅनफर्ड आवृत्ती हाती घेतली. नुसत्या भाषांतराने भागणारे नव्हते. कॅलिफोर्नियात सात वर्षांच्या मुलाला जमणारा प्रश्न धारवाडच्या मुलाला सहाव्या वर्षी जमेल किंवा आठव्या. म्हणून कोणत्या वयाची किती मुले तो सोडवतात हे तपासून प्रत्येक प्रश्नाची जागा ठरवावी लागते. या कामाचा खरा कस संख्याशास्त्रातच लागतो.

लहान वयोगटांत प्रत्येक वर्षासाठी सहा प्रश्न, सुटलेल्या प्रत्येकाला मानसिक वयाचे दोन महिने. आठ वर्षांच्या मुलाने पाचव्या वर्षाचे सर्व, सहाव्याचे चार आणि सातव्याचे दोन प्रश्न सोडवले, तर त्याचे मानसिक वय सहा वर्षे आणि बुद्ध्यंक (मानसिक वय भागिले खरे वय, गुणिले शंभर) ७५. हिशोब पालकांनाही समजावा इतका सोपा. दोष मात्र त्याच्या पोटातच आहे. गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचे पसरणे, प्रत्येक वयात सारखे नसते. त्यामुळे पाचव्या वर्षीचा ७५ आणि बाराव्या वर्षीचा ७५ सारखेच मागासलेपण दाखवतील, याची खात्री नाही. शिवाय मानसिक वय तारुण्याच्या उंबरठ्यावर वाढायचे थांबते. मोठ्या माणसाचे खरे वय भाजक धरले तर तो दर वर्षी मंद होत जाईल! वेक्सलर यांनी १९३९ मध्ये भागाकार सोडून समवयस्कांच्या सरासरीपासूनचे अंतर मोजले. त्यांच्या बालकसोटीवरून ए. जे. मलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी मापनश्रेणी बेतली. १९६९ ची ही ‘मलिन कसोटी’ मराठी-हिंदीतही आहे.

मलिन यांचे दुसरे काम अपंगत्वाच्या दृष्टीने अधिक मोलाचे मानावे लागेल. डॉल यांच्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे त्यांनी नागपुरी रूपांतर केले. यात कोडी नाहीत. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, शेजारी एकटे जाते का, हे आईवडिलांना विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अपंगत्वाची टक्केवारी याच श्रेणीच्या गुणांशी जोडली होती: ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के.

मानके, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेले सरासरी गुण, जुनी झाली की मुलांचे गुण फुगतात, हे फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून दाखवले: दर दशकाला सुमारे तीन गुण. ७० या सीमेच्या अलीकडचे मूल त्यामुळे पलीकडे दिसू शकते आणि सवलतीला मुकते. कामतांची मानके तर स्वातंत्र्यापूर्वीची.

मलिन यांच्या नागपूरशी छत्तीसगडमधल्या दुर्गचा जुना संबंध आहे: १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. पुढे पोलाद कारखान्यामुळे देशभरची माणसे याच जिल्ह्यातल्या भिलाईत आली. दुर्गमधल्या पद्मनाभपुरासारख्या वस्तीत छत्तीसगडी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या घरभाषांच्या मुलांना शब्दांवर चालणाऱ्या कसोटीचे एकच मानक लावणे धोक्याचे. पालकांच्या मुलाखतीवर चालणारी नागपुरी श्रेणी तिथे अधिक विश्वासाची ठरते.