पोलीस ऐकतात कोणाचं?

मागच्या व्याख्यानात आपण गावच्या पाटलापर्यंत आलो होतो. आता पुढे जाऊ. १८९०चा कायदा जिल्ह्यांसाठी होता, १९०२चा मुंबई शहरासाठी. १९५१च्या मुंबई पोलीस अधिनियमाने दोन्ही एकत्र केले. पण मांडणी दुहेरीच राहिली बघा. जिल्ह्यात अधीक्षक, मोठ्या शहरात आयुक्त. जमावबंदीचा आदेश जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी काढतात, शहरात मात्र आयुक्त स्वतःच. म्हणजे हुकूमही त्यांचा, अंमलही त्यांचाच. आणि दोघांच्या डोक्यावर राज्य शासन. बदलीची टांगती तलवार तिथलीच. २००६मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांची मुदत द्यायला सांगितलं. २०१४च्या दुरुस्तीने ती आपल्या कायद्यात आली खरी, पण अपवादांसकट. आपला प्रश्न त्या अपवादांतच अडकलेला आहे.