व्यक्तिरेखाटन, आधुनिक : परीक्षण व जतन

विसाव्या शतकाच्या मध्यास कागदावर काढलेल्या आधुनिकतावादी व्यक्तिचित्रांची अस्सलता व मूल्य ठरविण्याची आणि ती टिकविण्याची पद्धती. तैलचित्रात आधारपट बहुधा रंगलेपाखाली झाकलेला असतो. रेखाटनात मात्र कोरा कागद हाच चित्राचा उजळ भाग असतो. त्यामुळे कागदाचा ऱ्हास हा चित्राचाच ऱ्हास ठरतो.

यूरोपात कागद दीर्घकाळ चिंध्यांपासून बनविला जाई. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा आणि राळ व तुरटी यांची खळ यांचा वापर रूढ झाला. तुरटीतून निर्माण होणाऱ्या आम्लाने सेल्युलोजाच्या साखळ्या तुटतात व कागद ठिसूळ होतो. लाकडातील लिग्निनामुळे तो पिवळा पडतो. अनेक आधुनिक चित्रकारांनी असाच स्वस्त कागद वापरला.

गोव्यातील साळगाव येथे जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांची शिरोचित्रे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. मुंबईत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप’चे ते एक संस्थापक. १९४९ मध्ये ते लंडनला गेले. तेथील त्यांच्या शाईच्या रेखाटनांत कपाळापर्यंत चढलेले डोळे व एकमेकींना छेदणाऱ्या दाट रेषा आढळतात. पुढे त्यांनी मासिकांच्या गुळगुळीत छापील पृष्ठांवरील शाई रसायनाने विरघळवून त्यांवरच चित्रे काढली. त्यांचे ‘बर्थ’ (१९५५) हे तैलचित्र २००८ मध्ये लंडनमधील लिलावात सु. २५ लाख डॉलरना विकले गेले. अशा मूल्यवाढीबरोबर बनावट कृतींचा धोकाही वाढतो.

परीक्षणात शैली व स्वाक्षरी यांबरोबरच मालकीची परंपरा, मागील बाजूवरील प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, कागद आणि शाई यांचा विचार करतात. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी प्रतिदीप्त द्रव्ये साधारणतः १९५० नंतर प्रचारात आली. त्यामुळे १९४० च्या सुमाराचे म्हणून दाखविलेले रेखाटन जंबुपार प्रकाशात तीव्र निळसर चमकले, तर त्या कालनिर्देशाविषयी शंका उद्‌भवते. मासिकाच्या पृष्ठावर छापील दिनांक असल्यास चित्र त्यापूर्वीचे नाही, हे निश्चित होते. तेवढी कड कापून चित्र नीटनेटके केले, तर हा पुरावा नष्ट होतो.

जतनाच्या बाबतीतही कृतीगणिक निर्णय घ्यावा लागतो. चिकटपट्टीचे डाग काढणाऱ्या विद्रावकाने सूझांच्या रसायनचित्रातील प्रतिमाच पुसली जाण्याचा संभव असतो. गुळगुळीत लेपाची पृष्ठे भिजून वाळली, तर एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून साध्या कागदास मानवणारे जलधावन त्यांना घातक ठरते. फाटलेला भाग जपानी कागद व गव्हाच्या स्टार्चची खळ यांनी जोडतात, कारण असा जोड पुढे निर्धोकपणे सोडविता येतो. चित्र आम्लरहित पुठ्ठ्यात बसवून सु. ५०% सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. प्रदर्शनकाळात प्रकाश सामान्यपणे ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवून जंबुपार किरण गाळून घेतात. उडालेला रंग परत आणता येत नाही.

पूर्वी डाग घालविण्यासाठी रेखाटनांचे सर्रास विरंजन करीत. त्याने कागद पांढरा होई; परंतु त्याचे तंतू दुर्बळ होत आणि वयाच्या खुणाही नाहीशा होत. म्हणून परीक्षणापूर्वी दुरुस्ती न करणे आणि दुरुस्तीपूर्वी कृतीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन सविस्तर नोंद करणे, ही या क्षेत्रातील प्राथमिक शिस्त मानली जाते.