एक संगणक, दोन प्रणाली आणि सामाईक दप्तर

सोलापूरच्या बोलींवर काम करणाऱ्याचे दप्तर मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी अशा अनेक भाषांनी भरते. त्यातील मुद्रणप्रती विंडोजवर तयार करावयाच्या आणि शब्दसूच्यांची छाननी लिनक्सवर, अशी विभागणी एकाच संगणकावर पुष्कळ अभ्यासक करतात. हे दप्तर दोन्ही प्रणालींत सुरक्षितपणे सामाईक कसे ठेवावे, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञाचा वाटतो. वस्तुतः त्याला इतिहास आहे, आणि तो जाणल्याखेरीज हानी कोठून संभवते हे उमगत नाही.

लिनक्स १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाले. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही डिस्कवरील नवी मांडणी आली. तिचा अंतर्गत तपशील खुला नसल्याने लिनक्सला ती वाचता आली, तरी तीत लिहिणे दीर्घकाळ भरवशाचे नव्हते. त्या अवधीत जुनी फॅट मांडणी हीच उभयतांची व्यवहारभाषा होती; परंतु फॅट३२ मध्ये चार गिगाबाइटची फाइल मावत नाही, आणि लोककलांच्या चित्रफितींना ही मर्यादा फार लवकर जाचते. २००७ साली एनटीएफएस-३जीची पहिली स्थिर आवृत्ती निघाली व लेखनाचा मार्ग मोकळा झाला.

खरे संकट त्यानंतरचे. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. संगणक बंद केला असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात विंडोज आपल्या गाभ्याची व डिस्कविषयीच्या आपल्या समजुतीची नोंद करून निद्रिस्त होते. त्या अवस्थेत लिनक्सने सामाईक विभागात काही लिहिले, तर जागे झालेले विंडोज जुन्याच नोंदीवर विसंबून पुढे लिहू लागते. नव्या फाइली नाहीशा होतात, प्रसंगी सारी मांडणीच बिघडते. अशा निद्रिस्त विभागात लिहिण्यास एनटीएफएस-३जी नकार देते. पुष्कळ जण हा नकार दोष समजून बळाने मोडून काढतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासात त्याहून शहाणी गोष्ट नाही. फास्ट स्टार्टअप बंद ठेवावे, आणि कोणतीही एक प्रणाली निद्रेत असता दुसरी सुरू करू नये.

एक्सफॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ साली प्रसिद्ध केला व त्याच वर्षी लिनक्स ५.४ मध्ये तिला स्थान मिळाले. मोठ्या फाइली तीत मावतात. तथापि लेखन चालू असता वीज गेल्यास सावरून घेणारी रोजनोंद तीत नाही. एनटीएफएसमध्ये ती आहे. म्हणून दप्तरासाठी दोन्ही प्रणालींच्या विभागांहून वेगळा असा तिसरा एनटीएफएस विभाग करणे अधिक हिताचे.

मराठी अभ्यासकापुढे आणखी एक अडचण आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. 'कऱ्हाड' या नावातील ऱ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: ऱ हे एकच चिन्ह घेऊन, र व नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पहिले दोन प्रकार युनिकोड समतुल्य मानते, तिसरा नाही. पण एनटीएफएसच्या लेखी तिन्ही नावे भिन्नच. दोन प्रणालींवर कळफलक निराळे असले की एका कऱ्हाडच्या दोन फाइली शेजारीशेजारी दिसतात, आणि कोणती सुधारलेली हे डोळ्यांना कळत नाही. रोमन नावांत लहानमोठ्या अक्षरांचा भेद लिनक्स मानते, विंडोज सहसा मानत नाही. देवनागरीला तो प्रश्नच नाही. अपूर्णविराम मात्र लिनक्सवर नावात चालतो, विंडोजवर नाही. तेव्हा फाइलीचे नाव लहान रोमन अक्षरांत व अंकांत द्यावे, आणि गावाचे मराठी नाव फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहावे.