डाव्या हाताचं कुळ

गिटारच्या तारेवर पिक लागलं की सुराच्या आधी एक बारीकसा 'टक्' ऐकू येतो. वादनातला जोर, धार आणि ठेका बहुतेक गिटारिस्ट त्या आघातातूनच काढतात. ॲलन होल्ड्सवर्थला मात्र तो 'टक्' खुपायचा. सूर श्वासातून यावा, एकातून दुसरा सांधा न दिसता उमलावा, अशी त्याची आस होती. जॅझ फ्यूजनमधल्या ज्या वादनशैलीने पुढे जगभरच्या गिटारिस्टांना वेड लावलं, तिचं मूळ या आसेत आहे.

होल्ड्सवर्थ १९४६ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, ब्रॅडफर्डला जन्मला. वाढला आजी-आजोबांकडे. आजोबा सॅम जॅझ पियानो वाजवायचे, त्यामुळे कान घरातच तयार झाला. नातवाला वाजवायचा होता सॅक्सोफोन. पण ते वाद्य महाग होतं आणि घरात आली गिटार. सतरा वर्षांच्या आसपास ती त्याने हातात घेतली, ती कुठल्या शाळेत न जाता. जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन त्याच्या कानात इतका रुतला होता, की लाकूड-तारेच्या या वाद्यातून तो आयुष्यभर फुंकवाद्यच शोधत राहिला.

त्यासाठी त्याने काम डाव्या हातावर सोपवलं. तार एकदा छेडायची आणि पुढचे सूर डाव्या हाताच्या बोटांनीच काढायचे. बोट तारेवर आदळून वरचा सूर काढणं म्हणजे हॅमर-ऑन, आणि बोटाने तार ओढून सोडत खालचा सूर काढणं म्हणजे पुल-ऑफ. ही दोन्ही नावं अमेरिकी लोकगायक पीट सीगरने बँजो शिकवताना रूढ केली, असं मानतात. या जोडकामाला इटालियन संगीतातला शब्द आहे लेगाटो, म्हणजे 'बांधलेलं', 'जोडलेलं'. म्हणजे क्रिया जुनीच होती. होल्ड्सवर्थने तिच्यातलाही एक डाग पुसला. तार ओढून सोडताना होणारा 'म्यांव'सारखा आवाज त्याला आवडेना, म्हणून तो बोट बाजूला न ओढता सरळ वर उचलायचा. त्यामुळे चढतीचे आणि उतरतीचे सूर सारख्याच वजनाचे ऐकू येऊ लागले.

यात विजेचाही वाटा मोठा. साध्या गिटारवर नुसत्या बोटाने काढलेला सूर दुबळा पडतो. ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन तो दाबून-फुगवून छेडलेल्या सुराच्या बरोबरीला आणतं आणि लांबवतं. सॅक्सोफोनवाल्याची छाती जे काम करते, ते इथे ॲम्प्लिफायर करतो.

मराठी कानाला हे अगदीच परकं नाही. सतारीवर कृंतन आणि जमजमा याच क्रियांतून निघतात. मुंबईत राहिलेले उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या जाफरखानी बाजात डाव्या हाताच्या कामाला मानाचं स्थान होतं. ही दोन कुळं वेगळी. पण वाद्याने गळ्यासारखं किंवा श्वासासारखं बोलावं, असा ध्यास घेतला की तारेवरची बोटं तीच वाट धरतात.

१९७५ साली सॉफ्ट मशीन या बँडच्या 'बंडल्स' आणि ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या 'बिलीव्ह इट' या दोन अल्बमांतून ही शैली दूरवर पोचली. १९७८ साली यू.के. या बँडच्या पहिल्या अल्बममधला तिचा झरा रॉकच्या श्रोत्यांनीही ऐकला. त्यांत रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हॅलन होता. ॲलन एका हाताने जे करतो त्याला मला दोन हात लागतात, अशा अर्थाचं एडी स्वतः सांगायचा. होल्ड्सवर्थचा १९८३चा 'रोड गेम्स' वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीकडे आला, त्यामागेही एडीचाच आग्रह होता.

पुढे कुळाला फांद्या फुटल्या. जो सॅट्रियानीने वाहता डावा हात घेऊन त्यावर गुणगुणता येतील अशा चाली बसवल्या. मेम्फिसच्या शॉन लेनने वेग आणखी वाढवला आणि पुढे चेन्नईच्या सेल्वगणेशच्या कंजिऱ्याबरोबर मैफली रंगवल्या. स्वीडनमध्ये मेशुगा या बँडच्या फ्रेड्रिक थॉर्डेंडालने हे निसरडे, तरंगते सूर मेटलच्या घणाघाती ठेक्यांवर सोडले. टोसिन अबासीने आठ तारांच्या गिटारवर हा वारसा नेला. कुणाचंही वादन दुसऱ्यासारखं नाही, तरी एकेकाचा सोलो ऐकताना मूळ पुरुषाची चाहूल लागते.

बहुतेक नवशिके यातला वेग उचलतात. मला वाटतं, उचलायचा तो कान. आपल्या वाद्यात जे नाही त्याची ओढ लागल्याशिवाय ही बोटं अशी चालत नाहीत.

१५ एप्रिल २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हिस्टा इथे होल्ड्सवर्थ गेला. गिटारचं तंत्र बदलणाऱ्या या माणसाच्या घरी अंत्यसंस्काराच्या खर्चाचीही तरतूद नव्हती. चाहत्यांना आवाहन केलं गेलं, वीस हजार डॉलरांचं. काही दिवसांतच एक लाखाहून अधिक जमले. ज्याने कधी घराणं काढलं नाही, त्याच्या शेवटच्या कार्याला असं सगळं कुळ धावून आलं.