महाळुंग्याच्या ‘थ्री नाइंटी’ची कुळकथा

मोशीहून इंद्रायणी ओलांडली की निघोजे लागतं, आणि निघोज्याला खेटूनच महाळुंगे. तिथल्या बजाज ऑटोच्या कारखान्यातून केटीएम ३९० ड्यूक ही मोटरसायकल बाहेर पडते. नाव ऑस्ट्रियाचं, म्हणून गाडीही तिकडचीच, इथं फक्त नट आवळतात, असं अजूनही ऐकू येतं. गाडीचं कूळ पाहिलं तर हे बोलणं टिकत नाही.

केटीएम ही ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेन गावची कंपनी. हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी १९३४ मध्ये तिथं दुरुस्तीचं दुकान काढलं, त्यातून ती वाढली. चिखल-मातीतल्या शर्यतींत नावाजली, तरी नव्वदीच्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली. तिथून उठल्यावर १९९४ मध्ये तिने पहिली ड्यूक काढली: एकच मोठं सिलिंडर, अंगावर मोजकंच सामान, डांबरी रस्त्यासाठी. इकडे बजाजचा महाळुंग्यातला हा कारखाना, म्हणजेच चाकणचा कारखाना, १९९९ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये पल्सर आली आणि ‘ॲव्हरेज किती?’ याच्या आधी ‘पिकअप कसा आहे?’ असं विचारणारं गिऱ्हाईक तयार झालं. २००७ मध्ये बजाजने केटीएमचे साडेचौदा टक्के समभाग घेतले.

पुढचा आकार ठरवला तो युरोपातल्या लायसन्सच्या नियमांनी. सोळा वर्षांच्या मुलाला तिथं १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची गाडी चालवता येते. ती गरज ओळखून केलेली १२५ ड्यूक २०११ मध्ये चाकणहून युरोपला जाऊ लागली. त्याच सांगाड्यावर आपल्यासाठी २०० ड्यूक जानेवारी २०१२ मध्ये आली. मग २०१३ पासून युरोपात मधल्या लायसन्सची मर्यादा ३५ किलोवॉट झाली. त्याच वर्षी आलेल्या ३९० ड्यूकचं इंजिन ३२ किलोवॉटचं, म्हणजे साडेत्रेचाळीस अश्वशक्तीचं होतं.

नाव ३९०, इंजिन तेव्हा प्रत्यक्षात ३७३ सीसीचं होतं. बोअर ८९ मिलिमीटर, स्ट्रोक फक्त ६०. पिस्टन रुंद आणि त्याची धाव आखूड, त्यामुळे इंजिन झपाट्याने वर चढतं. पेट्रोल वगळता त्या गाडीचं वजन १३९ किलो होतं. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत ती अस्वस्थ असते: खालच्या आरपीएमला धक्के देते आणि मांड्यांना गरम हवा लागते. रस्ता मोकळा झाला, काटा पाच हजारांपलीकडे गेला, की तिचा खरा स्वभाव कळतो. जपानी कंपन्यांनी मधल्या वजनाची स्पोर्ट बाइक म्हणजे चार सिलिंडरची ६०० सीसी, असं गणित घालून दिलं होतं. ती गाडी इथल्या नोकरदार पोराच्या ऐपतीबाहेरची होती. ३९० ड्यूक आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत १ लाख ८० हजार रुपये होती.

ही किंमत जमली ती आसपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यामुळे. पुढचे ब्रेक बायब्रे नावाचे, म्हणजे इटलीच्या ब्रेंबोचेच, आणि ब्रेंबोचा कारखाना याच चाकण एमआयडीसीत. २०१४ मध्ये पूर्ण फेअरिंगची आरसी ३९० आली. पुढे अमेरिकेत नवख्या रेसरांसाठी याच गाडीची स्पर्धा भरू लागली. २०१६ मध्ये याच इंजिनावर बेतलेली बजाजची डॉमिनार निघाली, जिची जुळणी चाकणला महिलांच्या लाइनवर झाली. जानेवारी २०२३ मध्ये चाकणच्या केटीएमनी दहा लाखांचा आकडा गाठला. त्याच वर्षी ट्रायम्फची स्पीड ४००ही चाकणहून निघाली आणि ३९०चं इंजिन वाढून ३९९ सीसी झालं. केटीएम २०२४ मध्ये पुन्हा दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली, तेव्हा पैसा घालून तिला बजाजनेच सावरलं. आज तिची सूत्रं पुण्याच्या हाती आहेत.

अशा गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी बसला आहे, कारण आपल्याकडे रेषा ३५० सीसीवर ओढली आहे; त्याखाली १८ टक्के. चाळीस टक्क्यांचा कर लिटरभर इंजिनाच्या चैनीच्या गाड्यांना लावा. चाकणच्या कामगारांनी जगाला दिलेल्या या वर्गासाठी ती रेषा सरकारने ४०० सीसीवर न्यावी.